पदर धरणारं घर

“तुन्हा हात आते मायना पदरले लागाव नही, धुडकू! सांगी दिधं!”

“मंग कोना लागी, चुनीभाई? तुमना? तुमले होडीमा नीट बठता तरी येस का? काठ धरीसन ‘माय, माय’ करतस!”

“दात काढू नको. मन्ही सुननं पोट रिकामं करी टाकं तू!”

दारात उभ्या चुनीलाल पटेलांनी हे वाक्य अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा बेतानं टाकलं. चुलीपुढची मोतीबाई, धुडकूची बायको, पिठाच्या हातांनीच बाहेर आली. भिंतीला टेकलेला त्यांचा मुलगा गोपाल मोबाईलची काच सदऱ्याला पुसत राहिला.

पटेलांचे पूर्वज गुजरातेतून गाड्याबैलांसकट आले, तेव्हा तापी दुथडी भरून चालली होती. धुडकूच्या घराण्यातल्या कुणा नावाड्यानं सगळा कबिला फुकट पार केला, आणि काठावर हे गाव वसलं. त्याबदल्यात घराला मान मिळाला. आषाढात तापीमायच्या जन्मदिवशी गाव घराघरातल्या साड्या जोडून नदीला नेसवतं. त्या लांबलचक साडीचा पदर होडीतून पल्याडच्या काठाला न्यायचा तो याच घरानं. पुढे पूल झाला, उतारू गेले. बंधाऱ्यानं पाणी तुंबलं, मासळी ठेकेदाराची झाली. मान तेवढा उरला. वर्षभर धुडकू पटेलांच्या मळ्यात केळीचे घड वाहायचा आणि कान तुटलेल्या वेगळ्या कपात चहा प्यायचा. त्या एका दिवशी मात्र पटेल वाकून त्याच्या पायांवर पाणी घालायचे. त्या पाण्यावर त्याचं वर्ष निघायचं.

गेल्या वर्षी गोपालनं होडीला मशीन बसवलं. एक हात मशीनवर, दुसऱ्यात मोबाईल. काठावरच्या पोरी ओरडल्या तशी त्यानं मशीनची मूठ एकदम पिळली. पदर डोक्यावर धरून उभा असलेला धुडकू गुडघ्यांवर आदळला. पदर सुटला. बघता बघता साडी पाण्यानं ओढून नेली.

“मन्हा हात थरथरना,” धुडकूनं काठावर येऊन दोष स्वतःवर घेतला. गोपालची रनाळे गावातल्या मुलीशी सोयरीक जमत आली होती; असल्या पोराला कोण मुलगी देणार? पण थोड्याच दिवसांत चुनीलालच्या सुनेचं, नूतनचं, मूल पोटातच गेलं आणि सगळ्या गावाला कारण सापडलं. बाया धुडकू दिसला की कडेवरची लेकरं झाकू लागल्या. मळ्यातलं काम गेलं. घाटावर तो आंघोळीला उतरला की खालच्या अंगाला कुणी घागर भरेना.

चुनीलालनी आवाज खाली आणला. “मान तुन्हाच घरमा ऱ्हाई. पदर गोपाल धरी.”

धुडकूच्या छातीवरचा दगड हलला. पोराचा हात तो आपलाच हात.

“पन त्या दिन तू घाटवर दिसाले नको. गोपालनी अट मान्य करी शे.”

“कोनी?”

“तुन्हा पोऱ्यानी! तोच उना व्हता सकायले मन्हाकडे. म्हणे, बुढाना हात अपशकुनी शे, पदर माले द्या.”

मोतीबाईनं कपाळावर हात मारला; पीठ तिथंच चिकटलं. “गोपाल! सांग त्यासले. मशीनवर कोना हात व्हता?”

“कसानं मशीन?” चुनीलाल वळले.

धुडकू गोपालपुढे जाऊन उभा राहिला. ओरडला नाही. लहानपणी होडीत चढवताना बोलायचा तसा हळू बोलला.

“बोल, भाऊ. पदर तूच धर. मी घाटवर येवाव नही, घरमाच बठसू. पन एकदाव सांग त्यासले, मन्हा हात थरथरना नव्हता.”

गोपालनं मोबाईल खिशात घातला. बापाच्या खांद्याला खांदा घासत तो उंबऱ्याशी गेला. चपला सरकवल्या. दारातल्या चुनीलालना धक्का लागू नये म्हणून अंग चोरलं, आणि घाटाच्या दिशेनं चालू लागला.