मोतीरामनं खरं सांगितलं

मोतीरामची नोकरी मी घालवली. लोक म्हणतात शेठनं काढलं, पण पंपाचा शेठ निमित्ताचा धनी. खरा गुन्हेगार मी, धोंडिबा, उस्मानपुऱ्याच्या स्टॅण्डवरचा रिक्षावाला. माझं तोंड आणि माझा मोबाईल, या दोन गोष्टी नसत्या तर तो माणूस आजही पेट्रोल पंपावर उभा दिसला असता.

मोतीराम मूळचा सोयगावकडचा. तिशीच्या आत शहरात आला, आमच्या इथल्या पंपावर लागला आणि तिथंच त्याचे केस पिकले. मी पण रिक्षा चालवून म्हातारा होत आलो, शहरातला एकूण एक पंप मला माहीत. बोलण्यात गुंतवून मापात मारणारे लई बघितले. मोतीराम मात्र हातात नोझल घेतली की आधी "झिरो बघा" म्हणणार, आणि तुम्ही मान हलवल्याशिवाय दाबणार नाय. एकदा एका पुढाऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हर फोनवर बोलत होता, मीटरकडं बघंना. मोतीराम आपला उभाच. मागं हॉर्नवर हॉर्न. "अरे टाक की बाबा!" मी ओरडलो. तर म्हणतो, "त्यांनी बघितलं नाय अजून." मला तर रागच यायचा. एवढं सरळ राहून चालतं व्हय?

त्याचं दुसरं काम म्हणजे रेटचा बोर्ड. पंप जुना, बोर्ड पत्र्याच्या आकड्यांचा. सकाळी सहाला नवा रेट आला की मोतीराम शिडी लावून वर चढायचा, कालचे आकडे काढायचा, आजचे अडकवायचा. मी तेव्हा रांगेत. तो शिडीवर असतानाच आमची जुंपायची.

"काय मोतीराम, आज किती पैशांनी मारलं?"

"धोंडूभाऊ, रेट मी बनवतो काय? मी नुस्ता लावतो."

अख्ख्या शहराचा राग मी त्या गरिबावर काढायचो. जशी काय तेलाची विहीर यानंच खणली. पण तो कधी उलटून बोलला नाय. खाली उतरला की त्याच्या चहातला अर्धा मला ओतून द्यायचा. तो पिऊन मी परत सुरू.

मग ते निवडणुकीचं साल आलं. आपल्याकडं मतदान नव्हतं, दुसऱ्या राज्यांत होतं, पण पेट्रोल तर सगळ्या देशाचं. दिवाळीला रेट उतरला आणि उतरला तो तिथंच बसला. एक महिना गेला, दोन गेले, चार गेले. शिडी भिंतीला टेकून धूळ खात पडली. रोज बदलणारा रेट असा गप्प का झाला, हे कळायला काय शाळा शिकावी लागती? मी सगळ्या रांगेसमोर म्हणलं, "मतं पडूस्तोवर हे हलणार नाय. लिहून घे!"

"तसं नसतं भाऊ," मोतीराम म्हणाला. "बाहेरच्या बाजारावर असतं. कंपनीच्या साहेबांनी मीटिंगमधी सांगितलं."

"मग बाहेरचा बाजार चार महिने मतदानाच्या रांगेत उभा हाय काय?"

रांगेतले सगळे खो खो हसले. मोतीराम पण हसला. पण "व्हय" म्हणाला नाय. आणि मला त्याच्या तोंडून ते "व्हय" पाहिजे होतं. कशाला पाहिजे होतं, देव जाणे. त्यानं पेट्रोल चार आण्यानं पण स्वस्त होणार नव्हतं.

मार्चमधी निकाल लागले. दहा-बारा दिवस गेले आणि एका सकाळी बघतो तर मोतीराम शिडीवर. ऐंशी पैसे वाढले. दुसऱ्या दिवशी परत ऐंशी. मग ते जवळजवळ रोजचंच झालं. कुणी म्हणायचं, लांब कुठं युद्ध पेटलंय म्हणून. कुणी म्हणायचं, निवडणूक उरकली म्हणून. दोन्ही असंल, मला काय कळतंय! पण शेअर रिक्षाचं भाडं जरा वाढवून मागितलं की पॅसेंजर माझ्या अंगावर यायचे, आणि मी जाऊन मोतीरामच्या अंगावर.

त्या सकाळी मी मोबाईल शर्टाच्या खिशात ठेवला, कॅमेरा बाहेर करून, चालू. रागाच्या भरात झालं, असं मी लई दिवस सांगत फिरलो. खोटं आहे ते. घरूनच ठरवून निघालो होतो.

"मोतीराम," म्हणलं, "आज खरं सांग. रेट निवडणुकीसाठी थांबला होता का नाय?"

"सोड ना भाऊ. रांग बघ किती लागली."

"अमृताची शपथ हाय तुला."

अमृता त्याची एकुलती एक पोरगी, नर्सिंगला होती, एकच वर्ष राहिलं होतं. तिच्यासाठी तर तो डबल ड्युट्या मारायचा. मोतीरामचा चेहरा एकदम पडला. नोझल हातात तशीच. मग खालच्या आवाजात म्हणाला, "पोरीची शपथ कशाला घालतो रे? थांबलं व्हतं, भाऊ. इलेक्शन होतं म्हणूनच थांबलं व्हतं. साहेब लोक काही सांगू दे, मी इतकी वर्षं आकडे लावतोय. मतं पडली की शिडी मलाच चढावी लागती."

जिंकलो! मला आभाळ ठेंगणं झालं. स्टॅण्डवर आलो आणि व्हिडिओ रिक्षावाल्यांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'पंपवाल्यानं स्वतः कबूल केलं.' दुपारपर्यंत नुसते अंगठे आणि टाळ्या. संध्याकाळी तोच व्हिडिओ मला जालन्याहून मेव्हण्यानं पाठवला. व्हिडिओला कुणीतरी ढोलाचं संगीत लावलं होतं आणि मोतीरामच्या तोंडाभोवती लाल गोल काढला होता. दुसऱ्या दिवशी एका पक्षाची माणसं पंपावर हार घेऊन आली आणि दुसऱ्या पक्षाची शिव्या घालायला. मोतीराम दोघांनाही एकच सांगत होता, "दादा, बाजूला व्हा, गाड्यांना वाट द्या."

तिसऱ्या दिवशी शिडीवर आकाश होता, पंपावरचाच दुसरा कामगार. "मोतीराम कुठंय?" मी विचारलं.

"काढलं त्यांना," तो म्हणाला. माझ्याकडं बघितलं पण नाय त्यानं.

तेव्हाच हर्सूलला त्याच्या घरी जायला पाहिजे होतं. लांब थोडंच आहे? भाडं घेऊन मी त्या बाजूला रोज जात होतो. पण गेलो नाय. काय तोंड घेऊन जाणार? मग मी उलटा त्याच्यावरच डाफरायला लागलो, मनातल्या मनात. बोलला तर भोगंल, मी काय त्याचं तोंड धरलं होतं? असं म्हणत म्हणत पंप बदलला आणि दोन वर्षं काढली.

मग लोकसभा आली. तारखा जाहीर व्हायच्या तोंडावर पेट्रोल दोन रुपयांनी उतरलं, आणि ग्रुपवर कुणीतरी तो जुना व्हिडिओ परत टाकला. 'बघा, हा काका तेव्हाच बोलला होता.' मोतीरामचं ते पडलेलं तोंड परत माझ्या हातात आलं. आणि वरून माझा आवाज, अमृताची शपथ हाय तुला. शी! माझी मलाच किळस आली. रिक्षा तशीच हर्सूलकडं वळवली.

मोतीरामच्या बायकोनं, केसरबाईंनी दार उघडलं. मी नाव सांगितलं. त्यांनी आत जाऊन चहा ठेवला. चार चपला मारल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"हे येतीलच ड्युटीवरनं," त्या म्हणाल्या. "जळगाव रोडला एका सोसायटीत वॉचमन आहेत. दीड वर्ष घरी बसून होते, आता कुठं लागलेत."

"अमृता?"

"तिचं शेवटचं वर्ष राहिलं ते राहिलंच. औषधाच्या दुकानात जाती कामाला."

"वहिनी, शेठनं एवढ्याशा गोष्टीवरून..." मी कसंबसं सुरू केलं.

"शेठ ठेवत होता भाऊ. त्यानं कागद तयार करून आणला व्हता. रिक्षावाल्यानं दम देऊन बोलायला लावलं, एवढ्यावर सही कर, तुझी नोकरी राहील, त्याची मी पोलिसात तक्रार देतो, असं म्हणला. मी पाया पडले ह्यांच्या, करा सही म्हणून. तर हे म्हणे, त्यानं दम कुठं दिला? त्यानं विचारलं, मी सांगितलं. आन् तक्रार झाली तर त्याचं परमिट जाईल, त्याचं घर त्या रिक्षावर चालतं."

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"तुमची लई वाट बघितली ह्यांनी," केसरबाई म्हणाल्या. "धोंडूभाऊ येईल, तापट हाय पण येईल. सहा महिने म्हणत व्हते. मग म्हणायचं सोडलं."

तेवढ्यात मोतीराम आला. पार वाळला होता. वॉचमनचा निळा शर्ट अंगावर ढगळा होत होता. मी उठून त्याचे पाय धरायला गेलो, तर त्यानं दंडाला धरून वर उठवलं. "येडा झाला काय? बस खाली." मला रडू फुटलं, पन्नाशी उलटलेल्या माणसाला. "शिव्या दे मला," म्हणलं. "जाऊ दे ना," तो म्हणाला. मग म्हणाला, "एक काम करशील माझं?"

"काय पण सांग."

"तो व्हिडिओ परत फिरतोय म्हणे. इलेक्शन आलं ना. सोसायटीत सगळ्या पक्षांची लोकं राहतात. परवा सेक्रेटरीनं विचारलं, ते तुम्हीच का? मी व्हय म्हणलं. तर म्हणाले, मीटिंगमधी बघू तुमचं काय करायचं ते. आता ही पण गेली तर या वयात मला कोण ठेवून घेणार? तो तूच टाकला व्हता ना भाऊ, तर तूच काढून टाक."

मोतीरामकडं साधा बटणाचा मोबाईल. त्याला वाटत होतं, ज्यानं टाकला त्यानं काढला की सगळीकडचा जातो.

खरं सांगायला पाहिजे होतं. बाबा रे, तो आता कुणाकुणाच्या मोबाईलमधी गेलाय, माझ्या हातात काही राहिलं नाय. चल, तुझ्या सेक्रेटरीकडं मी येतो, हात जोडतो, सगळं माझ्या अंगावर घेतो. हे मला सुचलं, पण घरी गेल्यावर. तेव्हा तो माझ्याकडं इतक्या आशेनं बघत होता की मी मोबाईल काढला आणि माझ्याकडचा व्हिडिओ त्याच्यासमोर पुसून टाकला.

"गेला?" त्यानं विचारलं.

"गेला," मी म्हणलं.

"लई उपकार झाले, भाऊ," मोतीराम म्हणाला. त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाय. भाकरी आणि वांग्याची भाजी होती. एकेक घास पाण्याबरोबर उतरवला.

पंधरा दिवसांनी जळगाव रोडचं भाडं लागलं. सोसायटीच्या गेटसमोर मी रिक्षा हळू केली. खुर्चीत दुसराच वॉचमन बसला होता, तरणाताठा. मागून पॅसेंजरनं विचारलं, "इथं थांबताय का?" "नाय," म्हणलं आणि रिक्षा पुढं काढली. हर्सूल तिथून पाच मिनिटांवर आहे. मी अजून गेलेलो नाय.