पाठीवरचा हात

पन्हाळ्याच्या चढावर माझा दम संपला. थंडीत आमचा गट सायकलने कोकणात जाणार आहे. त्यात मी सगळ्यांत नवखी, म्हणून दर रविवारी हा सराव. आता उतरावं आणि सायकल ढकलत न्यावी असं ठरवतच होते, तेवढ्यात गटातली मीरा मागून शेजारी आली. माझ्या मुलाच्या वयाची असेल. "काकू, पाय थांबवू नका," म्हणाली आणि एका हाताने स्वतःची सायकल सांभाळत दुसरा तळवा तिने माझ्या पाठीवर टेकवला.

सायकल हलकी झाली आणि माझे डोळे भरून आले.

"दुखतंय का कुठे?"

"नाही गं, वारा लागला डोळ्यांना."

हे गेल्यापासून माणसं माझी विचारपूस करतात. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का. मुलगा परदेशातून रोज फोन करतो. सणाला भाचरं येतात, वाकून नमस्कार करतात. पण पाठीवर हात कोणी ठेवत नाही, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. यांचा आवाज अजून कानात आहे, चेहरा फोटोत आहे. स्पर्श मात्र कुठेच जपून ठेवता आला नाही.

वळणानंतर रस्ता सपाट झाला. "जमलं की काकू!" म्हणत मीराने हात काढला आणि मागे राहिलेल्या कुणासाठी ती परत खाली गेली. वर पोचलेले सगळे चढ संपला म्हणून खूश होते. मला मात्र तो अजून थोडा हवा होता.