पाणी हाललं की

गोडादऱ्यातले आमचे शेजारी भाऊ कापडाच्या लूमच्या खडखडाटात ठार बहिरे झालेत. स्वतः मात्र इतक्या मोठ्यानं बोलतात की सगळी गल्ली ऐकते. त्यांना हाक मारून उपयोग नाही; ते बसले असतील त्या खाटेवर जोरात थाप मारावी लागते.

माझ्या गोल्डफिशचा डोळा सुजून बाहेर आला, तेव्हा मी त्यांनाच घरी आणलं. मासे पाळण्यात त्यांचा हात धरणारं इथे कोणी नाही.

"एकज डोया सुजेल शे ना? मंग पानीना दोष नई. डोयाले कायतरी लागेल शे!" ते ओरडले. टाकीतला प्लास्टिकचा महाल काढून कापड तपासावं तसा त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. एका धारदार टोकाशी अंगठा थांबला. महाल फेकला, रोज थोडं पाणी बदललं, खडेमीठ घातलं. सूज उतरली, पण नजर गेली. त्या बाजूचा दाणा तिला दिसेना.

मग भाऊंनी त्याच बाजूला पाण्यात बोट बुडवून किंचित हलवलं. मासोळी गर्रकन वळून बोटाशी आली. मी बघतच राहिले.

"तिले दिखत नई," भाऊ पहिल्यांदाच हळू बोलले. "पन पानी हालनं का समजस."

मी चहा आणला, तेव्हा ते खाटेवर पाठमोरे बसून टाकी बघत होते. मी थाप मारली नाही. खाटेच्या कडेला नुसतं बोट टेकवलं.

भाऊ वळले.