बसून ऐकायची रेकॉर्ड

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या एका लहानशा कारखान्यात शर्ली स्टॅनिफोर्थ चमच्यांना पॉलिश करायची. वय एकेचाळीस, लग्न केलेलं नाही. दिवसभर फिरत्या चाकापाशी उभं राहून नाकातोंडात काळी धूळ जायची. घरी आली की अंघोळ, आईचं जेवणखाण, आणि मग मागच्या खोलीत जुना कीबोर्ड आणि टेपरेकॉर्डर घेऊन बसायचं. कारखान्यातल्या बायका म्हणायच्या, शर्लीचं संगीत म्हणजे आमच्या फ्रिजचा आवाज, फक्त आमचा फ्रिज मधूनमधून गप्प बसतो. शर्लीही हसायची.

त्या हिवाळ्यात आई, एडना, अंथरुणाला खिळली. फुप्फुसं कामातून गेली होती. श्वास घरघरत वर चढायचा, अडायचा, मग सुटायचा. शर्ली उशाशी बसून ते ऐकत राही. एकदा तिने चाचरत विचारलं, हा आवाज टेप करू का?

"कर की," आई म्हणाली. "एवढी धाप लागते, फुकट कशाला घालवायची?"

आठवड्याभरात आई गेली. त्या श्वासांवर शर्लीने सुरांचा एक लांबलचक, संथ तुकडा रचला. रोलंड इबॉटसनचं रेकॉर्डचं दुकान होतं आणि तो स्वतःही थोड्याफार रेकॉर्ड काढायचा. त्याच्याकडे संगीताच्या प्रकारांप्रमाणे खोके लावलेले असत, नाचायच्यात हाऊस वेगळं, टेक्नो वेगळं, आणि कोपऱ्यात न नाचण्याचं. त्याने तुकडा डोळे मिटून ऐकला आणि रेकॉर्ड काढायचं ठरवलं. आवाज कशाचा हे त्याने विचारलं नाही, शर्लीने सांगितलं नाही. वेष्टनावर त्याने छापलं, 'बसून ऐकण्यासाठी'. शर्लीला ते फार आवडलं. आईपाशी तीही बसूनच तर होती.

वसंतात इबॉटसनने निरोप धाडला. एका पबच्या माडीवर रविवारी दुपारी तुझी रेकॉर्ड लागते, ये. शर्लीने चांगला कोट घातला. खुर्च्या मांडल्या असतील, चहा असेल, अशी तिची समजूत.

माडीवर एकही खुर्ची नव्हती. शंभरेक पोरंपोरी घामाने निथळत नाचत होती. ही गर्दी आधीच्या रेकॉर्डची असणार, असं समजून ती दाराशीच थांबली. मग ढोलाच्या ठोक्यांखालून तिला तिचे सूर ऐकू आले. आणि सुरांखाली तो श्वास.

पोरं त्या श्वासावर उड्या मारत होती. श्वास वर चढला की हात वर, सुटला की सगळी माडी खाली. एक पोरगी तर तोंडाने त्याची नक्कल करत होती.

भिंतीला धरून धरून शर्ली रेकॉर्ड लावणाऱ्या मुलीपर्यंत पोचली. मार्वा तिचं नाव, एरवी बसवर कंडक्टर होती.

"तो आवाज कशाचा आहे, ठाऊक आहे तुला?"

"वाफेच्या इंजिनाचा ना?" मार्वा म्हणाली. "जोरात पळवून वर दुसऱ्या रेकॉर्डचा ढोल लावलाय मी. हळू फारच रडकं वाटतं, मावशी."

"माझी आई आहे ती. मरणाच्या आठवड्यातली."

मार्वाच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच थिजलं. तिने सुई उचलायला हात पुढे केला. शर्लीने तिचं मनगट धरलं. का धरलं, ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. त्या वेगात आईचा श्वास अडत नव्हता. चढ चढून आलेल्या धडधाकट बाईला लागते तशी ती धाप होती, आणि अशी आई शर्लीने कधी पाहिलीच नव्हती. रेकॉर्ड संपेपर्यंत दोघी तशाच उभ्या राहिल्या. मग शर्ली बिअरच्या रिकाम्या क्रेटवर बसली.

सोमवारी चाकावर तिच्या हातातून चमचे निसटत होते. बायकांनी थट्टा केली नाही.

गोष्ट भावापर्यंत, डेनिसपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तो दारातच उभा राहून म्हणाला, "आईच्या धापेवर पोरं नाचतात, खरं आहे?" ती हो म्हणाली. तो तसाच परत फिरला.

उन्हाळ्यात तो आपण होऊन आला आणि लाव म्हणाला. तिने आधी संथ लावली. अर्ध्यावर त्याने हातानेच बंद कर म्हणून खुणावलं. मग तिने वेग वाढवून लावली. ती त्याने शेवटपर्यंत ऐकली, टोपी मांडीवर घट्ट धरून.

"ही आपली आई नव्हे," तो म्हणाला.

शर्लीने रेकॉर्ड वेष्टनात सरकवली. दोघांनी चहा घेतला, बोलणं दुसऱ्याच विषयांवर झालं. तेव्हापासून तो येतो, पण मागच्या खोलीकडे फिरकत नाही.

रेकॉर्ड पुन्हा छापायची वेळ आली तेव्हा शर्लीने वेष्टनावरचे ते शब्द काढायला लावले. त्या जागी काय छापू, इबॉटसनने विचारलं. काही नको, ती म्हणाली. मग ती कोणत्या खोक्यात ठेवायची, यावरून त्याची पंचाईत झाली. एकदा ती दुकानात असताना एका गिऱ्हाइकाने रेकॉर्ड उचलून विचारलं, ही नाचायची की ऐकायची? इबॉटसनने शर्लीकडे पाहिलं. तिने भाजीची पिशवी उचलली आणि बस पकडायला बाहेर पडली.