अष्टमीची सवाष्ण

खरं सांगते, त्या नवरात्रात माझा देवीवर राग होता. घरोघरी जाऊन फेशियल, पेडिक्युअर करायचं माझं काम. बुकिंग ॲपवर येतं. नाही म्हटलं की रेटिंग घसरतं, म्हणून आमच्या इथल्या कालिकादेवीच्या यात्रेलासुद्धा जाता आलं नव्हतं. मोबाइल वाजला की छातीत धडधड व्हायची. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका. जसं काही मी ते हौसेनं घेत होते! नवरा सातपूरच्या कंपनीत शिफ्ट करून दमून यायचा, त्याला काय सांगायचं? अष्टमीच्या सकाळी सिग्नलला गाडी थांबली आणि मनात आलं, आपण नसलो तर कुणाचं काय अडणार आहे? त्या विचाराची मलाच भीती वाटली.

तशीच गंगापूर रोडच्या बुकिंगवर गेले. दार एका आजींनी उघडलं. “आलीस? ये गं बाई, वाटच बघत होते,” म्हणत त्यांनी मला पाटावर बसवलं, समोर परात ठेवली. पेडिक्युअरची तयारी असेल म्हणून मी बॅग उघडायला लागले, तर आजींनी माझेच पाय परातीत घेऊन त्यांवर कोमट पाणी घातलं. अगं बाई! तेवढ्यात सूनबाई धावत आल्या. “अहो आई, या जेवायला सांगितलेल्या सवाष्ण नाहीत. पेडिक्युअरला बोलावलंय मी त्यांना.”

मी पाय मागे घ्यायला लागले. आजींनी ते सोडले नाहीत. “सवाष्ण म्हणून कुणी यायचं ते देवी ठरवते, मी नाही. आणि तू गं, रोज दुसऱ्यांचे पाय धुतेस ना? आज गप बस.” पाय पुसून त्यांनी हळद-कुंकू लावलं, माझी ओटी भरली. मला असा हुंदका फुटला की काही केल्या थांबेना. बॅगेत मोबाइल वाजत राहिला, मी घेतला नाही. आजी पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग सूनबाईंनीच पान वाढलं.

जेवून निघाले आणि खाली जिन्याच्या पायरीवर बसून नवऱ्याला फोन लावला. “मला बरं वाटत नाहीये. बरेच दिवस झाले. मनातून.” त्याच्या मागे कंपनीतल्या मशिनचा आवाज येत होता. तो म्हणाला, “तिथंच थांब. आलोच.” पुढं आम्ही दोघं मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. धडधड अजून होते, पण आता ती मी लपवत नाही.

कुणी म्हणेल, म्हातारीची गफलत झाली. झाली असेल. पण त्या दिवशी मी देवीला हातसुद्धा जोडले नव्हते, आणि तरी मला जवळ घेतलं गेलं. सगळं एकटीनं ओढायचं नसतं, हे मला तू किती मायेनं सांगितलंस, आई.