‘भाकर आहे का?’ विचारणारे सुपडूकाका

अन्याय झाला तो लोधीपुऱ्याच्या सुपडूकाकांवर. तीन वर्षांपूर्वी, पौषातल्या एका रविवारी, सकाळी साडेदहा वाजता, राजपुऱ्यातल्या आमच्या आरोग्य शिबिरात, भरल्या मांडवात. तो केला मी. हे आधीच लिहून टाकते, कारण काकांना जाऊन आता सहा आठवडे झालेत आणि या सहा आठवड्यांत भेटलेला जो तो एकच वाक्य म्हणतो, “शेवटी वजनानंच नेलं.” जसं काही वजन हा बाहेरगावचा गुंड होता आणि त्याला गावानं कधी पाहिलंच नव्हतं!

फोन आला तेव्हा मी शनवाऱ्यात झेरॉक्सच्या दुकानात उभी होते, हातात नव्या पत्रकाची पहिली प्रत. फोन गल्लीतल्या रोहितचा. “दीदी, सुपडूकाका गेले. मंडीत बसल्या-बसल्या...” आणि मग, वाईट हेतूनं नव्हे, नुसती व्यवस्था विचारावी तसं, “खांद्याले जास्त पोरं सांगू का? चार जणांचं काम नाही ते.”  मला बोलायला तोंड कुठं होतं? त्यांचं वजन मोठ्यानं सांगायला या गावाला मीच तर शिकवलं होतं.

सुपडूकाका केळीच्या मंडीत तुलावटी होते. माल तोलणाऱ्याला आमच्याकडे तुलावटी म्हणतात. उजाडायच्या आत कापणीच्या टोळीबरोबर ट्रकमधून बागेत जायचं, कापलेले घड काट्यावर चढले की वजन पुकारायचं, तिथून दुसऱ्या बागेत, दुपारनंतर मंडीत. तीस वर्षं हेच. बागवाला आणि व्यापारी एकमेकांच्या सावलीवरही विश्वास ठेवणार नाहीत, पण “सुपडूनं तोललंय” म्हटलं की दोघंही गप्प. आधीची दोन भावंडं गेलेली, म्हणून जन्मल्याबरोबर आजीनं त्यांना सुपात घालून दारातून ओढलं होतं, यमाला वाटावं की हा कचरा आहे. तिथून ते नाव. ते स्वतःच पोट हलवत सांगायचे, “जन्मलो तं सुपात मावलो. आता ट्रकवाला म्हणतो, काका, मागं बसा, पुढचा टायर दबून राहिला.” सगळे हसायचे. काकाही हसायचे. स्वतःवर विनोद करणाऱ्या माणसाला काही लागत नाही, असं मी तेव्हा समजत होते. मी तेव्हा बरंच काही समजत होते.

शिबिराचं पत्रक मी लिहिलेलं. वर ठळक अक्षरांत, “बाहेरचं खाणं बंद करा!” आणि खाली सहा कलमं. वजनाचा काटा स्टेजवर, माईक माझ्या हातात. येणाऱ्याचं वजन मी पुकारत होते, बासष्ट किलो, एकाहत्तर किलो, लोक जांभया देत होते. मग सुपडूकाका चढले, स्वच्छ पांढरा सदरा, केसांना तेल, मुलाखतीला यावं तसे. मला वाटलं, जरा लोक जागे होऊ देत. मंडीत बोली पुकारतात त्या चालीत, लांब हेल काढून मी ओरडले, “एऽऽक क्विंटल अठराऽऽ!”

मांडव फुटला. मागून कोणीतरी ओरडलं, “बोली लगाओ रे!” दुसरा म्हणाला, “कच्चा माल है या पका हुआ?” आणि मी... मीही हसले. माईक चालू होता. माझं हसू सबंध राजपुऱ्यानं ऐकलं.

काका स्टेज सोडून गेले नाहीत. त्यांनी खाली काट्याकडे पाहिलं, तीस वर्षांच्या सवयीच्या डोळ्यांनी. मग काट्यावरून उतरून, गुडघ्यावर हात टेकून, धापा टाकत वाकले. खिशातलं माझं पत्रक काढलं, चार घड्या घातल्या, आणि काट्याच्या एका पायाखाली सरकवलं. पुन्हा वर चढले. “तुझा काटा तिरपा उभा आहे, माय,” शांतपणे म्हणाले, “एक किलो जास्त दाखवून राहिला. आता पाहा.” एकशे सतरा. “पुढच्याचं बरोबर येईल आता.” आणि चपला शोधून निघून गेले. मांडवात कोणी हसत नव्हतं. मी आजवर पुष्कळ भाषणं ऐकली, काही दिलीही. इतकं मोठं मी काही पाहिलेलं नाही. अख्खं गाव हसत असताना हा माणूस पुढच्या माणसाचं वजन बरोबर यावं म्हणून वाकला होता.

दोन दिवसांनी माफी मागायला त्यांच्या घरी गेले. मागितली नाही. लीलाकाकूंनी चहा दिला, आणि मी माफीऐवजी पुन्हा पत्रकच काढलं. काका, डबा का नेत नाही? तळलेलं का खाता? डॉक्टर काय म्हणाले? काका म्हणाले, “डॉक्टर म्हणे, तोंडाले कुलूप घाला.” काकू आतून म्हणाल्या, “डबा मी देत होते वं. तसाच वापस येत होता.” काकांनी खाली पाहिलं. “बारा जण कागदावर कचोरी घेऊन बसतात. कापणीच्या दिवशी नाश्ता बागवाल्याचा, त्याले नाही म्हणता येत नाही. त्यात मी एकट्यानं डबा उघडायचा? म्हणजे काय सांगायचं, का मी तुमच्यातला नाही?” मग माझ्या हातातल्या पत्रकाकडे बघून, “काय वं पत्रकवाली, परवा पाच वाजता ये. एक दिवस मी खातो ते खा. मग लिही सातवं कलम.”

गेले. जिद्दीनं गेले, त्यांना खोटं पाडायला. पाच वाजता चहा आणि खारी. आठला बागेत बागवाल्याकडून पोहे, वर शेव, वर जिलेबी. अकराला दुसऱ्या बागेत कचोरी, तेल कागदातून झिरपून तळहातावर आलेलं. दोनला इच्छापूरच्या रस्त्यावर नत्थूभाईंच्या टपरीवर शेवभाजी, वर बोटभर तर्री, सोबत मैद्याच्या रोट्या. चारला मंडीत चहा आणि केळीचे चिप्स. सभोवती केळीच केळी, ट्रकच्या ट्रक, आणि खायला एक नाही, कारण आमची केळी हिरवी जातात आणि दुसऱ्यांच्या गावात पिकतात. आमच्याकडे राहतात ते चिप्स. शेतात ज्वारी उभी, आणि दिवसभरात ज्वारीचा एक दाणा तोंडात गेला नाही. हिरवं म्हणून जे काही पोटात गेलं, ते पोह्यांवरची कोथिंबीर. संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की माझ्या पत्रकातली सहाच्या सहा कलमं मी मोडलेली आहेत आणि एकदाही मला दुसरं काही निवडायची संधी मिळालेली नाही.

पण सांगायचंय ते वेगळंच. प्रत्येक ठिकाणी, टपरी असली तर काउंटरशी टेकून, सुपडूकाका आधी एक प्रश्न विचारत. “भाकर आहे का?” किंवा समोरचा हिंदी बोलणारा असला तर, “भाकर है क्या?” उत्तर यायचं, “नहीं काका.” मग जे असेल ते घ्यायचे. दुपारपर्यंत चार ठिकाणी चार वेळा. मला वाटलं, थट्टा चाललीय. शेवटी इच्छापूर रस्त्यावर मी चिडून म्हटलं, काका, नाही हे माहीत असताना रोज कशाला विचारता?

“मंडीत बोली लागल्याशिवाय माल येतो का, पोरी?” ते म्हणाले. “हा नत्थूभाई कचोरी काय दुष्मनीनं तळतो? सगळे कचोरी मागतात, तो कचोरी तळतो. भाकर कोणी मागतलीच नाही, तं त्याले काय सपन पडीन?”

 माझ्या पत्रकात सहा वेळा “नका” होतं. एकदाही “मागा” नव्हतं.

ते दीड वर्ष विचारत राहिले. नत्थूभाईंच्या टपरीवर त्यांचं नावच पडलं, भाकरवाले काका. ट्रक थांबायच्या आत नत्थूभाई झारा उगारून ओरडायचे, “नहीं है, काका! आज भी नहीं है!” टोळी हसायची. “सुपडूभाऊ, ताजमहाल मागून पाहा, तो मिळीन.” काका हसायचे, कचोरी घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच आवाजात, पहिल्यांदा विचारतोय असं. राग नाही, टोमणा नाही. मी दोन दिवसांत उत्तर मिळालं नाही तर मोर्चा काढणारी! आणि हा माणूस दीड वर्ष “नाही” ऐकून रोज नव्यानं विचारतो... मला ते कळत नव्हतं. फक्त बघत राहावंसं वाटायचं.

आणि एक दिवस दुपारी त्यांचा फोन. आवाज लहान मुलासारखा. “है म्हणाला वं! नत्थू है म्हणाला! ये लवकर!” मी स्कूटी दामटली. नत्थूभाई लाजत उभे होते. त्यांच्या पत्नी, कमलाभाभी, चुलीपाशी पाटावर. वैतागून त्यांनीच म्हटलं होतं म्हणे, “इस आदमी को एक बार खिला दो, पीछा छूटे.” चार भाकरी केल्या होत्या, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या. मेथीची भाजी, कांदा, ठेचा. काकांनी एक घेतली. उरलेल्या तिन्हींचे तुकडे करून टोळीपुढं ठेवले, काही न बोलता. पहिला हात कोणी घालेना. मग त्यांच्यातला सगळ्यात चेष्टेखोर, गजानन, ताजमहालवाला, त्यानं तुकडा उचलला, ठेच्यात बुडवला, चावला, आणि आणखी एक तुकडा उचलला. मग म्हणाला, “माह्या मायच्या हातची आठवली.” दुसऱ्या दिवशी कमलाभाभींनी दहा केल्या. महिन्याभरानं मोठा तवा आला.

आता तुम्ही विचाराल, वजन उतरलं का? मला ठाऊक आहे, तुम्ही हेच विचाराल. थोडं उतरलं, थोडं परत चढलं. तीस वर्षांचं खाणं एका तव्यानं पुसलं जात नाही. पण दुपारी जेवल्यावर येणारी झापड गेली, असं ते म्हणायचे, आणि काकूंना जिना चढताना मागं वळून हाक मारायला लागले, “ये वं, थकली का?” डॉक्टरांनी त्यांना तोंडाला कुलूप घालायला सांगितलं होतं. त्यावर एकदा मला म्हणाले, “कुलूप घातलं असतं तं भाकर कशी मागतली असती?” एवढं बोलून पुन्हा खायला लागले. मी त्याच रात्री सगळी जुनी पत्रकं रद्दीत घातली.

आणखी एक. भाकर सुरू झाल्यावरही त्यांनी विचारणं सोडलं नाही. समोर तव्यावर फुगलेली दिसत असायची, तरी काउंटरला टेकून, “भाकर आहे का?” नत्थूभाई म्हणायचे, “दिख नहीं रही क्या, काका?” काका म्हणायचे, “दिखती है. पूछना अपना काम है.”

खांद्याचं राहिलं. रोहितनं पोरं गोळा केली होती, आठ जण, बदलायला अजून आठ. कोणाची गरज पडली नाही. कापणीची टोळी आली होती, घड वाहून ज्यांच्या खांद्यांना घट्टे पडलेत ती माणसं. लोधीपुऱ्यापासून तापीच्या घाटापर्यंत त्यांनी खांदा दुसऱ्या कोणाला दिला नाही. घाटावर कोणीतरी पुटपुटलं, “भारी असेल ना?” गजानन म्हणाला, “आम्ही तोललं नाही.” बस्स. मी माईकवर जे केलं होतं, त्याला या गावानं दिलेलं ते उत्तर होतं, आणि मी तिथं उभी राहून ते ऐकलं.

माफी मी शेवटपर्यंत मागितली नाही. आज मागू, उद्या मागू... त्यांच्याशी बोलताना ती गोष्ट नेहमी लहान वाटायची.

गेल्या आठवड्यात नत्थूभाईंकडे गेले. कढई उकळत होती, कचोऱ्या तरंगत होत्या. मोठा तवा भिंतीला, खिळ्यावर. मी तव्याकडे पाहतेय हे त्यांनी पाहिलं. “काका गए, तो अब पूछता कौन है?” ते म्हणाले. टोळीला वाटलं भाकर बंद झाली, नत्थूभाईंना वाटलं कोणाला नको आहे. दोघंही न विचारता गप्प. सहा आठवड्यांत दीड वर्षाचं काम खिळ्यावर टांगलं गेलं. मी काउंटरला टेकले. विचारलं, “भाकर है क्या?” नत्थूभाईंनी झारा खाली ठेवला.  “एक के लिए तवा नहीं चढ़ता, बेटा,” म्हणाले. “कल आना. और किसी को ले के आना.”

म्हणून हे लिहिलं. श्रद्धांजली नको. “वजनानं नेलं” हे वाक्य तर पुन्हा उच्चारू नका, निदान माझ्यासमोर नको. तुम्ही आज दुपारी कुठं ना कुठं बाहेर खाणार आहात, ऑफिसजवळ, स्टँडवर, मंडीच्या दारात. तिथं कचोरी घ्यायच्या आधी काउंटरला टेका आणि विचारा, भाकर आहे का? हळू नको, लाजत नको, मी त्या रविवारी ओरडले होते तितक्या मोठ्यानं विचारा. “नाही” म्हणतील. ऐकून घ्या, हसा, आणि उद्या पुन्हा जाऊन विचारा.