कावळ्यापुढं सोडवलेला स्वाध्याय

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, म्हणून मी मेलेल्या माणसाच्या नावावर एक इच्छा रचून खपवली.

मेलेला माणूस म्हणजे माझा हिर्डोशीचा मावसभाऊ. आणि रचणं म्हणाल तर तो माझा दर रविवारचा उद्योग. भोरमध्ये मी कथालेखनाचा वर्ग घेतो. माझ्या स्वतःच्या कथा साभार परत येतात, त्यामुळे शिकवायला वेळ भरपूर. पहिला स्वाध्याय ठरलेला: ओळखीचा माणूस घ्या. तो चारचौघांत जे मोठ्यानं सांगतो, नेमकं त्याच्या उलट त्याच्या पोटात आहे असं धरा. ती इच्छा एका वाक्यात लिहा. 'सुख हवं' असलं मोघम चालणार नाही. आणि ती पुरी करताना दुसऱ्या कोणाचं तरी नुकसान झालंच पाहिजे, नाहीतर कथा उभी राहत नाही.

फळ्यावर हे फार छान दिसतं.

नदीकाठी ऊन चढलं होतं. कावळे जांभळीवर बसून नुसते बघत होते. घरातल्या थोरल्यांनी हात जोडून एकेक कबूल केलं. "तुझ्या बायकोला अंतर देणार न्हाई." "तुझी म्हस इकणार न्हाई." कावळा हलेना. नवऱ्याचा जीव कशात तरी अडकलाय, या धास्तीनं वहिनी तोंडात पदर धरून बसलेली.

दादा जन्मभर एकच गोष्ट मोठ्यानं सांगायचा: "पोरगा सुटला बाबा ह्या चिखलातनं." पोरगा शिवऱ्याजवळच्या कारखान्यात नुकताच कायम झाला होता. वेल्ह्याकडची सोयरीकही ठरली होती. मग उलट काय? मी पुढं झालो. "दादा, तुझा पोरगा नोकरी सोडून येईल. भाताची खाचरं पडीक राहणार नाहीत."

कावळा उतरला.

भूक लागली असेल त्याला. पण वहिनी हुंदका देऊन म्हणाली, "ह्येच व्हतं त्येंच्या मनात. मला मेलीला कळलं न्हाई." पोरानं माझ्याकडं एकदा पाहिलं. आणि मला त्या घटकेला काय वाटत होतं? वाक्य जमलं, याचा आनंद.

तेराव्याला वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, "ते मी मनचंच बोललो. दादा असं कधी म्हणाला नव्हता."

"तुमी मनचं बोलला असाल, भावजी. कावळा कशापायी खोटं बोलंल?"



पोरानं नोकरी सोडली. नोकरी गेली तशी सोयरीकही गेली. खाचरात राबणाऱ्याला पोरगी द्यायला कोण तयार होतंय. ते वाक्य माझंच होतं, आईची समजूत घाल, असं मी त्याला म्हटलं, तर म्हणाला, "तिला आता कुठं झोप लागती. कसं सांगू?"

भाताच्या आवणीच्या दिवसांत पुन्हा गेलो. गुडघाभर चिखलात तो एकटाच वाकून रोपं लावत होता. बांधावरूनच म्हणालो, माझं चुकलं. हे सगळं जसंच्या तसं लिहून काढतो, तुझी बाजू तरी लोकांना कळेल.

त्यानं मान वर केली नाही.

"लिव्हा की. पर काका, ह्या टायमाला मानूस तुमच्या घरातला घ्या."